असोद्याच्या वाटेवर : चीक कुणाचा?

जळगावच्या दाणाबाजारातील दुकाने उघडण्यापूर्वीच आसपासच्या खेड्यांतील दूध शहरात पोहोचलेले असते. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना लटकवलेले कॅन, त्यांच्या झाकणांखाली दाबून बसवलेले फडके आणि मागे उरणारा कच्च्या दुधाचा कोवळा वास, अशी ती पहाटेची वर्दळ असते. असोदा रेल्वे फाटकापाशी या वर्दळीच्या उलट दिशेने जो निघतो, त्याला थोड्याच वेळात खानदेशाचे दुसरे रूप दिसू लागते. सराफ बाजारातील काचेची दालने मागे पडतात आणि तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती सुरू होते. रस्त्याच्या कडेने केळीच्या बागा, पलीकडे कपाशी, मध्येच वांग्याचे वावर. शहरापासून अवघ्या काही किलोमीटरवर असोदे येते. कागदोपत्री ते असोदा असते. लोकांच्या तोंडी दोन्ही नावे चालतात.

या गावाची ओळख महाराष्ट्राला दोन गोष्टींनी आहे. पहिली भरिताच्या वांग्यांची. हिवाळ्यात तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या-पांढऱ्या, लांबोळक्या वांग्यांचे भरीत खायला लोक दुरून येतात, आणि जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य मानणाऱ्या घरांना मात्र असोद्याच्या या कीर्तीचा उपयोग एवढाच, की पाहुण्यांना रस्ता सांगताना खूण म्हणून ती कामी येते. दुसरी ओळख बहिणाबाई चौधरींची. २४ ऑगस्ट १८८० रोजी त्या याच गावातील महाजनांच्या घरी जन्मल्या. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात गेल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर, १९५२ मध्ये. जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. असोदे हे त्यांचे माहेर. पुढे पहिल्या दुधाचा विषय निघेल, तेव्हा माहेर या शब्दाकडे पुन्हा यावे लागेल.

गावात शिरताना कानांवर पडते ती लेवा गणबोली आणि नाकाला जाणवते ती ढेप. सरकीची पेंड पाण्यात भिजत घातली, की तिचा एक जड, गोडसर वास सुटतो. खानदेशातील व्यापारी घरांना हा वास परका नाही. मारवाडातून आलेली अनेक ओसवाल कुटुंबे किराणा, कापूस आणि देवघेव या तीन धंद्यांवर येथील खेडोपाडी स्थिरावली. कापसाचे जिनिंग झाले, की रुई एका वाटेने जाते आणि सरकी दुसऱ्या. सरकीचे तेल निघते, ढेप उरते, ती पोत्यांतून पुन्हा शेतकऱ्याच्या गोठ्यात येते. म्हैस ढेपेतील प्रथिनाचे दूध करते, ते दूध फॅट मोजून संकलन केंद्रावर जाते आणि जळगाव जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या 'विकास'च्या पिशवीतून वा रतिबाच्या मापातून पुन्हा व्यापाऱ्याच्याच स्वयंपाकघरात येते. दूध विकत घेणारा आणि ढेप विकणारा एकाच घरातला असतो, हे या परिसरात नवल नाही. त्यामुळे दुधाविषयीचा प्रश्न येथे ग्राहकाचा असतो, तसा दुकानदाराचाही असतो.

आणि गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न दुकानाच्या फळीवर येऊन बसला आहे. रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून विकले जाणारे दुधाचे पदार्थ, म्हणजे व्हे प्रोटीनचे डबे, लॅक्टोफेरिनच्या गोळ्या, 'बायोअ‍ॅक्टिव्ह पेप्टाइड' असे लिहिलेल्या भुकट्या आणि 'कोलोस्ट्रम'च्या कॅप्सूल. करोनाच्या साथीनंतर 'इम्युनिटी' हा शब्द खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोहोचला. कोलोस्ट्रम हा शब्द मात्र पोहोचूनही परका राहिला, कारण डब्यावर त्याचे मराठी नाव कोणी लिहीत नाही. ते नाव असोद्यातल्या प्रत्येक गोठ्यात ठाऊक आहे. चीक.

म्हैस व्याली, की पहिले दोन-तीन दिवस ती जे देते तो चीक. रंगाने पिवळट, बोटांना चिकटणारा, तापवला की फुटणारा. फुटतो म्हणूनच संकलन केंद्रे तो घेत नाहीत. मग त्यात गूळ आणि वेलदोडा घालून, वाफवून, खरवस होतो. गुजराती शेजारी त्याला बळी म्हणतात, हिंदीत खीस. संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधाचे नाव पीयूष, आणि तोच शब्द अमृतालाही आहे. नाव ठेवणाऱ्यांनी अमृत म्हटले ते कोणासाठी, हा खरा प्रश्न.

चिकाचे मोल कशात आहे, हे वासराच्या बाजूने पाहिले तर चटकन कळते. मनुष्याच्या गर्भात शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने, इम्युनोग्लोब्युलिन, वारेतून बाळाकडे जातात. बाळ जन्मते तेव्हा आईने आयुष्यभरात कमावलेल्या संरक्षणाची काही शिदोरी त्याच्या रक्तात असते. गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेची रचना निराळी आहे. तिच्यातून ही प्रथिने जात नाहीत. वासरू किंवा पारडू या जगात येते ते जवळजवळ रिकाम्या हाताने. निसर्गाने ती उणीव कासेत भरून ठेवलेली असते. गाईच्या चांगल्या चिकात एका लिटरमध्ये ५० ग्रॅमहून अधिक इम्युनोग्लोब्युलिन असतात. पुढे नेहमीचे दूध सुरू झाले, की हे प्रमाण लिटरला एक ग्रॅमच्याही आसपास उरत नाही. आणि वासराच्या आतड्याला जन्मानंतर थोडाच वेळ एक विलक्षण मुभा असते : ही मोठी प्रथिने न पचवता, अखंड, रक्तात घेण्याची. ती मुभा तासातासाने कमी होत जाते आणि एका दिवसाच्या आत संपते. त्यानंतर कितीही चीक पाजला, तरी तो अन्न म्हणून पचतो. रक्तात संरक्षण म्हणून पोहोचत नाही.

म्हणून पशुवैद्यकाचा हिशेब सरळ असतो. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या बारा तासांत, आणि त्यातला शक्य तितका पहिल्या दोन तासांत. तीस किलोचे पारडू असेल, तर तीन लिटर. प्रत्यक्षात अनेक गोठ्यांत जुनी समजूत आड येते : म्हशीची जार पडल्याशिवाय पिल्लाला कासेला लावायचे नाही. जार पडायला कधी आठ तास लागतात, कधी त्याहून अधिक. तेवढा वेळ ते ओले, थरथरते पिल्लू दाव्याला बांधलेले, आणि त्याच्या आतड्याचे दार मिटत चाललेले. दुसरी समजूत अशी, की जास्त चीक प्यायल्याने पारडू हगवणीने मरते. खरे कारण बहुधा उलटे असते. चीक वेळेवर न मिळाल्याने हगवण लागते. मादी असेल तर निदान उद्याची म्हैस म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. नर पारडाच्या वाट्याला तेही येत नाही.

येथे जैन घरांतील एका जुन्या नियमाची आठवण होते. पाठशाळेत शिकलेल्या आजीला तो तोंडपाठ असतो : म्हैस व्याल्यावर पंधरा दिवस, गाय व्याल्यावर दहा दिवस आणि शेळी व्याल्यावर आठ दिवस तिचे दूध अभक्ष्य. नव्या पिढीला हा केवळ सुवेराचा, शिवाशिवीचा नियम वाटतो आणि म्हणून तो घरातून हळूहळू गळून पडतो. त्याची कारणे शास्त्राच्या अभ्यासकांनी सांगावीत. परंतु असोद्याच्या गोठ्यात उभे राहून पाहिले, तर त्या नियमाचे फळ डोळ्यांसमोर दिसते. पंधरा दिवस माणसाने हात आखडला, की ज्या तासांत चिकाची पिल्लाला प्राणांइतकी गरज असते, त्या तासांत त्याच्या तोंडचे काढून घेण्याचे कारणच उरत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा अन्नपाननिरोध. आश्रित जिवाचे खाणेपिणे अडवणे. प्रतिक्रमणात हा शब्द उच्चारताना बैल, घोडा, नोकर असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. नव्याने जन्मलेले पारडू सहसा येत नाही.

याचा अर्थ चीक जास्त होतच नाही असे नव्हे. चांगल्या संकरित गाईला पिल्लाच्या गरजेहून अधिक चीक असतो, आणि शेतकऱ्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे : पिल्लू पोट भरून प्यायले, उरलेला चीक ओतून का द्यावा? त्याला एक उत्तर आहे. स्वच्छ बाटल्यांत भरून तो गोठवून ठेवता येतो आणि ज्याची आई बाळंतपणात गेली, किंवा जिला पान्हाच फुटला नाही, अशा पोरक्या वासराला कोमट पाण्यात विरघळवून पाजता येतो. थेट आचेवर ठेवला, तर फुटून वाया जातो. जिल्ह्यातील गोशाळा-पांजरापोळांना चारा आणि ढेप यांचे दान नेमाने जाते. एखादा डीप फ्रीझर आणि त्यात जवळच्या गोठ्यांतून आलेला जादा चीक, एवढ्या दानाने किती पिल्ले वाचतील, याचा विचार चातुर्मासाच्या खर्डीत करण्यासारखा आहे.

खरवसाबद्दलही एक गैरसमज येथेच दूर व्हावा. वाफेवर चीक थिजतो आणि वडी थरथरते, ती त्यातील इम्युनोग्लोब्युलिन आणि इतर प्रथिने उष्णतेने आपले मूळ रूप टाकून एकमेकांना बिलगतात म्हणून. म्हणजे ज्या गुणासाठी चीक मोलाचा, तो गुण खरवसाच्या वडीत उरत नाही. वडी चवदार आहे, प्रथिनयुक्त आहे. संरक्षण म्हणून ती पेढ्याहून वेगळी नाही.

चीक या शब्दाला खानदेशात आणखी एक अर्थ आहे, आणि त्यातून या विषयाची दुसरी वाट निघते. कच्च्या पपईला सकाळी चिरा पाडल्या, की जो पांढरा द्रव ठिबकतो, तोही चीकच. त्यात पपेन नावाचा पाचक पदार्थ असतो. प्रथिनाच्या लांबच लांब साखळीचे तो तुकडे करतो. वाकोदच्या शेतकरी घरात १९३७ मध्ये जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला; १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन बनवायला सुरुवात केली. ठिबक सिंचनाने जैन उद्योगाचे नाव जगभर गेले ते नंतर. त्याआधी जळगावातून परदेशी गेली ती ही प्रथिने कापणारी भुकटी. मांस मऊ करण्यासाठीही जगात तिचा वापर होतो, हा श्रावकाच्या दृष्टीने त्या कथेतील खडा. पण पेप्टाइड म्हणजे काय, हे जळगावकराला समजावून सांगायला पपेनइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. प्रथिन ही मण्यांची लांब माळ. मणी म्हणजे अमिनो आम्ले. माळ जागोजागी कापली, की पाच, दहा, वीस मण्यांचे जे लहान सर उरतात, ते पेप्टाइड. कापणारी कात्री पपईची असो, जठरातील पेप्सिनची असो, वा विरजणातील जिवाणूंची असो.

दुधाच्या प्रथिनांत सुमारे ऐंशी टक्के केसीन आणि उरलेली वीस टक्के व्हे, म्हणजे निवळीतील प्रथिने. लॅक्टोफेरिन हे निवळीतले. ते लोहाला घट्ट धरून ठेवते. जिवाणूंना वाढायला लोह लागते. लॅक्टोफेरिन ते त्यांच्या हाती लागू देत नाही. पेप्सिनने लॅक्टोफेरिनचे तुकडे केले, की त्यांतला एक तुकडा मूळ प्रथिनाहूनही अधिक तीव्रतेने जिवाणू मारतो, हे १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले आणि त्याला लॅक्टोफेरिसिन असे नाव मिळाले. डब्यांवरील 'पेप्टाइड' या शब्दामागे अशा संशोधनाचे बळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. परीक्षानळीतील जिवाणू मरणे आणि माणूस आजारी न पडणे, यांत फार अंतर आहे. ते अंतर किती असते, हे लॅक्टोफेरिनच्याच इतिहासात दिसते. २००९ मध्ये इटलीतील संशोधकांनी जन्मतः दीड किलोहून कमी वजनाच्या ४७२ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन दिलेल्या बालकांत रक्तातील जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे सहा टक्के होते, न दिलेल्यांत सतरा. जगभर आशा निर्माण झाली. मग इंग्लंडमध्ये त्याहून फार मोठी चाचणी झाली, २,२०३ अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. संसर्गाचे प्रमाण लॅक्टोफेरिन दिलेल्यांत २९ टक्के, न दिलेल्यांत ३१. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. भुकटी विकणाऱ्याच्या पत्रकात यांपैकी पहिला आकडा छापला जातो.

चिकाचेही तसेच. १९८८ मध्ये अमेरिकेत एक लहान पण लक्षणीय प्रयोग झाला. प्रवासात जुलाब घडवणाऱ्या एका विशिष्ट जिवाणूविरुद्ध आधी गाईंना लस टोचली, त्यांच्या चिकातील प्रतिद्रव्ये वेगळी काढली आणि ती दहा स्वयंसेवकांना देऊन मग तो जिवाणू पाजला. दहांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत. ती प्रतिद्रव्ये न घेतलेल्या दहांपैकी नऊजणांना झाले. परंतु तेथे गाय त्याच जिवाणूसाठी तयार केलेली होती आणि काम आतड्यात, प्रतिद्रव्ये तेथे असेपर्यंतच, झाले. कोणत्याही गाईच्या कोणत्याही चिकाची कॅप्सूल घेऊन सर्दी-खोकल्यापासून वर्षभर रक्षण होईल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मोठ्या माणसाच्या आतड्याला वासराची ती मुभा नाही. त्याचे जठर गाईच्या प्रतिद्रव्यांचा बराचसा भाग इतर प्रथिनांसारखाच कापून टाकते. वासराला जे अमृत, ते माणसाला महाग पडलेले प्रथिन. कायद्यालाही याची जाणीव आहे : भारतात पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा डब्यांवर 'औषधी वापरासाठी नव्हे' या अर्थाची इंग्रजी ओळ छापावी लागते. दुकानदाराने ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवली, तर विक्री थोडी कमी होईल. सत्याणुव्रताचा हिशेब त्याच्या वहीत वेगळा लागेल.

व्रतांचाच विषय निघाला म्हणून आणखी दोन गोष्टी, ज्या डबा हातात घेऊन पाहण्याच्या आहेत. व्हेची भुकटी मुख्यतः चीज बनवताना सुटणाऱ्या निवळीपासून होते, आणि चीजसाठी दूध फाडायला परंपरेने वापरले जाते ते रेनेट, म्हणजे दूधपित्या वासराच्या जठरातील पाचक द्रव. आता सूक्ष्मजीवांपासून बनवलेले रेनेट सर्वत्र मिळते आणि पुष्कळ उत्पादक तेच वापरतात, पण सगळेच वापरतात असे नाही. परदेशी मालावर हिरवा ठिपका असला तरी रेनेट कोणते, हे उत्पादकाला पत्र लिहून विचारायला हरकत नसते. घाऊक व्यापाऱ्याच्या पत्राला उत्तरही लवकर येते. दुसरी गोष्ट कॅप्सूलचे टरफल. आतील भुकटी दुधाची असेल, पण पारदर्शक टरफल पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे टरफल असेल, तर वेष्टनावर तसे लिहिलेले आढळते. लिहिलेले नसेल, तर गृहीत धरू नये.

मग घरच्या दुधातून प्रतिकाराला काहीच मिळत नाही काय? मिळते, पण जाहिरातीच्या शब्दांत नाही. शरीर आपली प्रतिद्रव्ये स्वतः बनवते आणि त्यासाठी त्याला प्रथिने लागतात. शाकाहारी घरात ती वरण-उसळींतून येतात, तशी दूध-दह्यातून. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्वही मुख्यतः दुधातूनच येते. दह्याचे विरजण रात्रभर केसीनचे बारीक तुकडे करतच असते आणि उरलेले काम जठर करते. पेप्टाइड असोद्याच्या मापभर दुधातूनही तयार होतात, डब्याची वाट पाहत नाहीत. श्रीखंडाच्या चक्क्यातून ठिबकणारे पाणी म्हणजे व्हे प्रोटीन, अशी एक समजूत हल्ली व्यायामशाळांतून घरी येते. ती अर्धवट आहे. घरी दूध आधी उकळलेले असते आणि उकळताना निवळीतील बरीचशी प्रथिने केसीनला चिकटतात, म्हणून ती चक्क्यातच राहतात. पाणी टाकायचे नसेल तर कणीक मळावी, पण त्यासाठी श्रीखंडाला कमी लेखू नये. ज्यांना दूध मानवत नाही, ज्यांच्या मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी प्रथिनांची भुकटी वैद्यांना विचारल्यावाचून घेऊ नये. आणि ज्या घरांतील शिकायला दूरदेशी गेलेली नातवंडे गोठ्यांतील हाल पाहून दूधच सोडून बसली आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी घरी येणारे दूध ज्या गोठ्यातून येते, तेथील पारडू एकदा पाहून यावे. असोदे फार दूर नाही.

संध्याकाळी गावात पुन्हा धारा काढण्याची वेळ होते. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आधी पोकळ असतो, भांडे भरत जाते तसा तो दाटतो. रस्त्याने जळगावहून येणाऱ्या रिक्षातून एखादी लेक उतरते, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बहिणाबाईंच्या काळीही याच वाटेने लेकी माहेरी येत. फरक एवढाच, की आता बाळंतपण घरी होत नाही. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरांतील ८८ हून अधिक बाळे रुग्णालयात जन्मल्याची नोंद आहे. त्याच सर्वेक्षणात जन्मानंतर तासाभरात आईच्या अंगावर पाजलेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४२ टक्क्यांच्या आतच आहे. डॉक्टर, परिचारिका, स्वच्छ खाट, सर्व काही हाताशी असताना निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास तसाच जातो.

कारण आईच्या चिकाबद्दलही गोठ्यातल्यासारख्याच समजुती आहेत. पहिले दूध पिवळे, म्हणून जड. साचलेले, म्हणून वाईट. ते पिळून टाकायचे आणि तोवर बाळाला गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवायची. शिकलेल्या, सधन घरांतही आजीच्या हातातली ती वाटी पुढे येते. एरवी कोलोस्ट्रमच्या कॅप्सूलसाठी पैसे मोजणारे घर आपल्याच नातवाचा चीक फडक्यात टिपून टाकते. मानवी चिकात लॅक्टोफेरिन लिटरला पाच ग्रॅमच्या घरात असते. गाईच्या नेहमीच्या दुधात ते एका ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. शिवाय त्यात आईने ज्या घरात, ज्या गावात, ज्या हवेत दिवस काढले, तेथील जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात, आणि ती बाळाच्या आतड्यावर लेप दिल्यासारखी पसरून काम करतात. ती रक्तात जावी लागत नाहीत. वारेतून आलेली शिदोरी रक्तात आधीच आहे. हे दूध कोणत्याही कारखान्यात बनत नाही आणि कोणत्याही म्हशीच्या तोंडचे काढून आणावे लागत नाही.

पहिल्या दिवशी ते थोडेच येते, दिवसभरात मिळून काही चमचे. 'दूध आलेच नाही' असे म्हणून डबा मागवण्याची घाई बहुधा या थोडेपणामुळे होते. पण नवजाताचे पोटही तेवढेच असते, आणि बाळ वारंवार ओढत राहिले, तर दोन-चार दिवसांत दूध उतरते. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तरी, आई शुद्धीवर असेल तर, परिचारिकेच्या मदतीने तासाभरात बाळ छातीशी लावता येते. फक्त कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. ही गोष्ट माहेरच्या मंडळींनी सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवावी, घरातील वडीलधाऱ्या बाईशी आधी आणि डॉक्टरांशी नंतर. कारण त्या तासाला खोलीत वाटी घेऊन उभी असते ती बहुधा आजीच, आणि तिचे मन एकदा वळले, की मग परिचारिकेला काही सांगावे लागत नाही.